माती कुणी उचलली, कुणासमोर उचलली?

बळ्ळारी नाला बेळगाव शहराचे सांडपाणी आणि पावसाचे पाणी घेऊन शहापूर, वडगाव, जुने बेळगाव, हलगा या शिवारांतून वाहतो. पावसाने जोर धरला की तो काठ सोडून भातात शिरतो. उद्यमबाग आणि मच्छे भागातल्या फौंड्र्यांमधली वापरून झालेली वाळू कुठेतरी टाकली जातेच. तुरमुरीत शहराचा कचरा जातो. चिकोडी, रायबाग, अथणीकडे ऊस आणि साखर कारखाने आहेत, निपाणीकडे तंबाखू आणि त्यावरच्या फवारण्या. या सगळ्या गावांतून एक मागणी वारंवार ऐकू येते: आमची माती तपासून द्या. मागणी रास्त आहे, पण अर्धी आहे. आणि ती अशी अर्धीच मान्य झाली तर नुकसान शेतकऱ्याचेच होईल.

माती तपासणे म्हणजे प्रयोगशाळेत यंत्र चालवणे, असे आपण धरून बसलो आहोत. यंत्राच्या आधी काय झाले हे कुणी विचारत नाही. माझे म्हणणे असे: माती कुणी उचलली, कुठल्या जागेवरून, किती खोलीवरून, कुठल्या दिवशी आणि कुणासमोर उचलली हे ज्या अहवालावर लिहिलेले नाही, आणि प्रयोगशाळेने स्वतःची परीक्षा कशी घेतली याचे आकडे ज्याला जोडलेले नाहीत, तो अहवाल सीमाभागातल्या कुठल्याही गावाने स्वीकारू नये. तो ‘माती स्वच्छ आहे’ म्हणत असो की ‘माती विषारी आहे’ म्हणत असो.

एक हेक्टर शेताच्या वरच्या 15 सेंटिमीटर मातीचे वजन साधारण 20 लाख किलो भरते. त्यातली अर्धा किलो पिशवीत जाते. जड धातू शोधायचे असतील तर प्रयोगशाळा त्या अर्ध्या किलोतली साधारण अर्धा ग्रॅम माती आम्लात विरघळवते. म्हणजे 20 लाख किलोंच्या वतीने अर्ध्या ग्रॅमने साक्ष द्यायची. यंत्र कोटीचे असले तरी ते त्या अर्ध्या ग्रॅमबद्दलच बोलणार. प्येर जी या फ्रेंच शास्त्रज्ञाने खनिजांच्या नमुन्यांवर आयुष्यभर काम करून हे गणिताने मांडून ठेवले आहे: नमुना घेताना झालेली चूक पुढच्या कुठल्याही अचूक मोजणीने भरून निघत नाही.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातला भात एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. शेत तसे नसते. नाल्याकडच्या बांधाला गाळ बसतो, मधल्या वाफ्यात नुसते पाणी येऊन जाते, वरच्या तुकड्यात तेही पोहोचत नाही. एकाच सर्व्हे नंबरात तीन वेगळ्या गोष्टी चालू असतात. त्यातले कुठले शीत उचलले यावर निकाल ठरतो.

इथे मृदा आरोग्य पत्रिकेचा विषय काढावाच लागतो, कारण गावागावांत तिचा चुकीचा वापर होताना दिसतो. 19 फेब्रुवारी 2015 ला राजस्थानातल्या सुरतगडमध्ये ही योजना सुरू झाली. पत्रिकेत 12 गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज आणि बोरॉन. खत किती द्यायचे हे ठरवायला हे उत्तम आहे. पण या बारांत शिसे नाही, कॅडमियम नाही, क्रोमियम नाही, आर्सेनिक नाही, कीटकनाशकांचा अंश नाही. तरीही कुणी प्रदूषणाची तक्रार केली की ‘तुमच्या पत्रिकेत तर सगळे ठीक आहे’ असे उत्तर मिळते. जे तपासलेच नाही ते ठीक आहे, असे सांगणे ही फसवणूक आहे, मग ती अजाणता का होईना.

नमुना घेण्याची तिची रीतही प्रदूषण शोधायला चालत नाही. बागायतीत 2.5 हेक्टरला एक नमुना, जिरायतीत 10 हेक्टरला एक. 2.5 हेक्टर म्हणजे जवळजवळ 250 गुंठे. आमच्याकडे शहराला लागून असलेल्या गावांत वीस-तीस गुंठ्यांचे धनी पुष्कळ. म्हणजे एका नमुन्यात आठ ते बारा जणांची शेते येतात, आणि नाल्याला चिकटलेल्या शेतावर रस्त्याच्या वरच्या अंगाच्या शेताची सरासरी बसते. खताच्या हिशेबाला सरासरी चालते. विषाच्या हिशेबाला सरासरी घातक असते. समजा दहा जागांची माती एकत्र केली. नऊ जागी कॅडमियम किलोमागे अर्धा मिलिग्रॅम आणि एका जागी 30 मिलिग्रॅम. मिसळल्यावर आकडा येतो 3.45. शहरी कंपोस्ट विकायचे असेल तर त्यात किलोमागे 5 मिलिग्रॅमपर्यंत कॅडमियम चालते, असे खत नियंत्रण आदेशातले मानक आहे. तेव्हा कुणीही तो आकडा दाखवून म्हणेल, कंपोस्टाच्या मर्यादेपेक्षाही कमी आहे, घाबरता कशाला? आणि तो एक तुकडा, जिथे कुणाच्या तरी घरची पालेभाजी पिकते, कागदावरून नाहीसा होतो.

प्रदूषण शोधायचे तर जागा वेगळ्या पद्धतीने निवडाव्या लागतात. नाल्याच्या काठापासून शेताच्या आत रेषा धरून ठराविक अंतरांवर, दर जागी वरचा थर वेगळा आणि खालचा थर वेगळा, प्रत्येक पिशवी स्वतंत्र. शंकेची जागा तर हवीच, पण तिच्याबरोबर नाल्याचे पाणी कधीच पोहोचले नाही अशी, तशाच मातीची, तशाच पिकाची जागाही हवी. ही दुसरी जागा बहुतेक वेळा वगळली जाते, आणि बेळगाव जिल्ह्यात ती वगळणे फार महागात पडते.

कारण हा जिल्हा जमिनीच्या दृष्टीने एक नाहीच. दख्खनच्या काळ्या बेसाल्टची हद्द इथेच संपते. गोकाकचा धबधबा कोसळतो तो वालुकाश्मावरून, तो खडक बेसाल्टहून कितीतरी जुना. खानापूरकडे जांभा आणि त्याखाली आणखी पुरातन खडक. कणकुंबीत, जिथे मलप्रभा उगम पावते, पावसाने जमीन धुऊन आम्लधर्मी झालेली. अथणीकडे पाऊस थोडा, आणि उसाला पाणी देऊन देऊन कित्येक शेते क्षारपड, चोपण झालेली. आता बेसाल्टच्या काळ्या मातीत तांबे आणि निकेल मुळातच जास्त असते. जांभ्यात क्रोमियम साठून राहते, त्यासाठी कुठल्याही कारखान्याची गरज लागत नाही. उलट वालुकाश्मावरच्या हलक्या मातीत हे धातू मुळात कमी. म्हणून खानापूरच्या मातीतले क्रोमियम गोकाकच्या मातीशी ताडून ‘प्रदूषण’ म्हणणे जितके चूक, तितकेच काळ्या मातीचे नैसर्गिक तांबे गृहीत धरून हलक्या जमिनीतल्या वाढलेल्या तांब्याकडे दुर्लक्ष करणेही चूक. एका जिल्ह्याला एकच आधाररेषा लावणारा अहवाल पहिल्याच पानावर नापास समजावा. आरोप करणाऱ्या आपल्या बाजूच्या लोकांनीही हे ध्यानात घ्यायला हवे. निसर्गाने घातलेले क्रोमियम कारखान्याच्या माथी मारले आणि समोरच्याने ते सिद्ध केले, तर पुढच्या दहा खऱ्या तक्रारी बुडतात.

खतांचाही विचार हवा. फॉस्फेटी खतांतून थोडे थोडे कॅडमियम शेतात येत असते, आणि तंबाखूचे झाड ते पानात साठवण्यात पटाईत आहे. निपाणीच्या परिसरात कॅडमियम सापडले तर ते कुठून आले हे ठरवायला खत कमी पडलेला बांध, पडीक तुकडा, देवराई अशा जागांची माती शेजारी ठेवावी लागेल. नुसता एक आकडा स्रोत सांगत नाही.

पद्धतीचेही तेच. स्फुरद काढायला आम्लधर्मी मातीसाठी ब्रे यांची पद्धत, आणि चुनखडीयुक्त, विम्ल मातीसाठी ओल्सेन यांची, ही 1954 पासूनची. खानापूर आणि अथणीचे नमुने एकाच ट्रेमध्ये, एकाच द्रावणाने काढले तर दोघांपैकी एकाच्या पदरी चुकीचा आकडा पडणार. सेंद्रिय कर्बासाठी वॉक्ले आणि ब्लॅक यांची 1934 ची रीत वापरतात. मातीत क्लोराइड जास्त असले की ती कर्ब वाढवून दाखवते, आणि क्षारपड शेतात नेमके क्लोराइडच जास्त असते. म्हणून अहवालात आकड्याशेजारी पद्धतीचे नाव हवे. ते नसेल तर आकडा कुणाशी ताडायचा?

आता वेळेबद्दल. भाताच्या शेतात पाणी उभे असते तेव्हा कॅडमियम गंधकाशी बांधले जाते आणि पिकाला कमी मिळते. दाणा भरताना पाणी उतरले, जमीन सुकू लागली की ते मोकळे होते. आर्सेनिकचे उलट: पाण्याखाली मोकळे, कोरड्यात बांधलेले. मातीतला एकूण साठा तेवढाच राहतो, पिकाच्या वाट्याला येणारा भाग बदलतो. मग श्रावणातल्या चिखलातून घेतलेला नमुना आणि कापणीनंतरचा नमुना यांची तुलना कशी करणार? जपानच्या जिन्झू नदीच्या खोऱ्यात खाणीतून आलेल्या कॅडमियमने भात नासला, बायकांची हाडे ठिसूळ झाली. 1968 मध्ये तिथल्या सरकारने या रोगाचे कारण मान्य केले आणि 1970 मध्ये शेतजमिनीच्या प्रदूषणाचा कायदा केला. त्या कायद्याखाली कॅडमियमच्या बाबतीत जमीन दूषित ठरवताना नुसती माती पाहिली नाही, तिथल्या तांदळातले कॅडमियम मोजले. आपणही तेच करायला हवे. ज्या खुणेवर माती घेतली, त्याच खुणेवरच्या लोंब्या कापून त्यांचा तांदूळ तपासायला द्यावा. आमच्या येळ्ळूर-वडगाव पट्ट्यातला तांदूळ लोक चवीने खातात; त्याची काळजी त्या दर्जाची हवी.

हत्यारे आणि पिशव्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण हे सगळ्यांना माहीत असायला हवे आणि तरीही मोडले जाते. जस्त, लोह किंवा जड धातू पाहायचे असतील तर गंजलेली कुदळ किंवा जस्ताचा मुलामा असलेले घमेले चालत नाही; स्टेनलेस स्टीलचे खुरपे किंवा लाकडी पट्टी हवी. एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना ते पुसून, धुऊन घ्यायचे. रयत संपर्क केंद्रावर, म्हणजे कृषी खात्याच्या स्थानिक कार्यालयात, खताच्या रिकाम्या पोत्यातून माती आणलेली मी पाहिली आहे, आणि ती घेऊनही टाकली गेली. त्या नमुन्यातला पालाश शेताचा की पोत्याचा? कीटकनाशक शोधायचे असेल तर प्लास्टिक नको, गडद काचेची बरणी, बर्फाच्या पेटीत, आणि 14 दिवसांच्या आत त्यातले अंश द्रावणात काढून झाले पाहिजेत. बेळगावहून बेंगळूर पाचशे किलोमीटर आहे. एप्रिलच्या उन्हात पार्सलमधून गेलेल्या बरणीत काही सापडले नाही, तर त्याचा अर्थ शेतात नव्हते असा होत नाही.

पण या सगळ्यापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो पंचनामा.

पर्यावरण संरक्षण कायदा 1986 चा. त्याच्या कलम 11 मध्ये हवा, पाणी, माती यांचे नमुने घ्यायचा अधिकार सरकारी अधिकाऱ्याला दिला आहे, आणि त्याबरोबर रीतही घालून दिली आहे. नमुना घेण्याआधी जागेच्या ताबेदाराला नोटीस द्यायची. त्याच्यासमोर नमुना घ्यायचा. डब्यावर खूण करून तो मोहोरबंद करायचा आणि दोघांनी सह्या करायच्या. मग विलंब न लावता मान्य प्रयोगशाळेत पाठवायचा. ही रीत पाळली नाही तर त्या तपासणीचा निकाल कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, असे कलमातच स्पष्ट आहे. ताबेदार म्हणजे त्या जागेच्या कारभारावर ज्याचे नियंत्रण आहे तो. कारखान्याच्या आवारात तो कारखानदार. शेतात तो शेतकरी, असा याचा सरळ अर्थ मला दिसतो. म्हणजे कुणीतरी जीपमधून येऊन, बांधावर उतरून, दोन मुठी माती घेऊन निघून गेले, ही तपासणी कायद्याच्या लेखीही तपासणी ठरत नाही. अशा वेळी शेतकऱ्याने थांबवून विचारायला हवे: नोटीस कुठे आहे? पिशवीवर नंबर कुठला घातला? माझी सही कुठे घेणार?

आणि सही कुठल्या भाषेतल्या कागदावर घेणार? हा प्रश्न विचारला की समोरचा लगेच सीमावादाकडे वळतो. मला इथे तो वाद घालायचा नाही, तो वेगळ्या जागी घालता येतो. इथे प्रश्न नमुन्याच्या खरेपणाचा आहे. शहापूर किंवा तुरमुरीच्या ज्या शेतकऱ्याला कन्नड वाचता येत नाही, त्याने कन्नड नमुना पत्रकावर सही केली तर ती सही कशाची साक्ष देते? खोली 15 सेंटिमीटर लिहिली आहे की 50, जागा नाल्याकाठची लिहिली आहे की विहिरीजवळची, हे त्याने तपासलेच नाही. साक्षीदाराने वाचलेले नाही तो पंचनामा म्हणजे अधिकाऱ्याची एकतर्फी नोंद. संविधानाच्या अनुच्छेद 350 नुसार आपले गाऱ्हाणे राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. गाऱ्हाणे मराठीत घेणार आणि त्यावरच्या पुराव्याचा कागद मात्र गाऱ्हाणे मांडणाऱ्याला न कळणाऱ्या भाषेत करणार, हे जुळत नाही. कन्नड आणि मराठी, दोन्हीत छापलेले एका पानाचे पत्रक करायला किती खर्च येतो? एकदा छापले की वर्षानुवर्षे चालेल. दोन भाषांतल्या नोंदी शेजारी शेजारी असल्या की चूकही लवकर सापडते, हा वरचा फायदा.

शेतकरी तिथे उभा असणे केवळ सहीपुरते नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा यांना पूर आला तेव्हा कुठल्या वाफ्यावर किती गाळ बसला, कुठल्या बांधाला खिंडार पडले, कुणी नंतर शेतात बाहेरची माती आणून टाकली, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. जीपीएसला ते ठाऊक नसते. बाहेरून आणलेल्या मातीवर ऑगर (माती काढायचा गिरमिट) मारला तर नाल्याचा इतिहास त्या नमुन्यात येणारच नाही. नमुन्याच्या जागा ठरवणारा नकाशा गावातल्या चार जाणत्यांबरोबर बसून काढावा, ही सोय नसून तांत्रिक गरज आहे.

प्रयोगशाळेकडे वळू. चांगली प्रयोगशाळा स्वतःवर विश्वास ठेवत नाही. प्रत्येक खेपेला ती मातीविना नुसती रसायने घालून एक कोरा नमुना चालवते. त्यात शिसे दिसले तर ते काचसामानातून किंवा आम्लातून आले. एकच माती दोनदा, वेगळ्या नंबरने चालवते; हा जोड नमुना. ठाऊक मात्रेचा धातू मुद्दाम मिसळून तो परत किती मिळतो ते पाहते. शंभरातले साधारण 75 ते 125 च्या मधे मिळाले तर ठीक. आणि ज्या मातीतले आकडे आधीच पक्के केलेले आहेत अशी प्रमाणित माती चालवते. अमेरिकेच्या मानक संस्थेची सॅन वॉकिन खोऱ्यातली माती यासाठी जगभर वापरतात. पण कॅलिफोर्नियातली ती माती आमच्या जांभ्यासारखी नाही, लोहाने गच्च भरलेल्या मातीत यंत्राला होणारा गोंधळ तिच्यात दिसणार नाही. धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ 1986 पासून या भागात काम करते आहे. खानापूरची तांबडी आणि अथणीकडची काळी, अशा दोन माती मोठ्या प्रमाणात वाळवून, चाळून, नीट मिसळून त्यांनी बाटल्या भराव्यात आणि उत्तर कर्नाटकातल्या सगळ्या प्रयोगशाळांना नंबर घालून पाठवाव्यात. कुणाचे आकडे कुठे जातात ते जाहीर करावे. बेळगावात तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना याहून उपयोगाचे काम क्वचित मिळेल.

अहवालातले दोन शब्द मला फार त्रास देतात: ‘आढळले नाही’. कुठल्या मर्यादेपर्यंत आढळले नाही? अर्धा ग्रॅम माती 50 मिलिलिटरमध्ये विरघळवली की ती शंभर पट पातळ होते. यंत्राला द्रावणात लिटरमागे 0.02 मिलिग्रॅमच्या खालचे दिसत नसेल, तर मातीत किलोमागे 2 मिलिग्रॅमच्या खालचे सगळे ‘आढळले नाही’ होणार. चिंता किलोमागे एक मिलिग्रॅमची असेल तर अशी तपासणी करून काहीच कळलेले नाही. मर्यादा लिहिल्याशिवाय हे दोन शब्द छापायला बंदी असावी.

आणखी एक ओळ अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरात असते: निकाल फक्त दिलेल्या नमुन्यापुरता. नमुना ग्राहकाने आणून दिला, असेही असते. प्रयोगशाळेला प्रयोगशाळा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे मानांकन आहे, म्हणून अहवाल पक्का, असा युक्तिवाद आपल्याकडे होतो. मानांकन ठराविक तपासण्यांपुरते असते. नमुना घेण्याचे काम त्या मानांकनात नसेल, तर प्रयोगशाळा पिशवीतल्या मातीची हमी देते, शेताची नाही. ती बिचारी प्रामाणिकपणे तसे छापतेही. आपणच ती ओळ वाचत नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला खर्चाचा. वीस नमुन्यांमागे एक-दोन जोड नमुने आणि एक कोरा, यांनी खर्च थोडा वाढतो हे खरे. पण शंभर नमुने कसेही उचलून तपासण्यापेक्षा तीस नमुने विचाराने उचलून, जोड नमुन्यांसह तपासावेत. पैसे तेवढेच किंवा कमी लागतील आणि हातात काहीतरी राहील. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो आपल्याच कार्यकर्त्यांकडून येतो: गुणवत्तेच्या या बारकाव्यांचा फायदा प्रदूषण करणाराच घेतो, त्याचा वकील एक सही चुकलेली शोधतो आणि सगळे प्रकरण ढासळते, मग आपणच कशाला या अटी वाढवायच्या? हे घडते, यात शंका नाही. पण त्याचे उत्तर अटी सैल करण्यात नाही. समोरच्याकडे वकील आहे, सल्लागार आहे, स्वतःची प्रयोगशाळा आहे. शेतकऱ्याकडे फक्त एवढेच असू शकते की त्याच्या नमुन्यात बोट ठेवायला जागा नाही. आणि तोच शेतकरी, रीत कळली की, कारखान्याने सादर केलेल्या ‘सगळे ठीक’ अहवालातही बोट ठेवू शकतो. नमुना कुठून घेतला? आवारातल्या बागेतून की सांडपाण्याच्या टाकीमागून? जोड नमुन्यांचा फरक किती आला?

हे आत्ताच मांडण्याचे कारण आहे. जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. संशयित स्थळांची माहिती जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायची, मंडळाने 90 दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, नंतरच्या तीन महिन्यांत सविस्तर पाहणी करून स्थळ दूषित आहे की नाही ठरवायचे, आणि ज्याने दूषित केले त्याच्याकडून ते साफ करून घ्यायचे. कचरा डेपोंचा घनकचरा यातून वगळलेला आहे, म्हणून तुरमुरीची लढाई वेगळ्या नियमांखाली चालू ठेवावी लागेल. पण नाल्याकाठची शेते, फौंड्रीच्या वाळूचे ढीग, मळी सोडलेले तुकडे यांची नावे यादीत घालण्याची वाट उघडली आहे. या नियमांखाली बरेच काही मातीच्या नमुन्यावर ठरणार. एकदा ‘दूषित नाही’ असा शिक्का बसला की तो पुसायला किती वर्षे लागतील? तो शिक्का कच्च्या नमुन्यावर बसू देता कामा नये.

म्हणून ग्रामपंचायतींनी पुढच्या ग्रामसभेत ठराव करावा आणि तो जिल्हाधिकाऱ्यांना व प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बेळगाव कार्यालयाला पाठवावा. ठरावात एवढे असावे: नमुन्याच्या जागा ग्रामस्थांसोबत नकाशावर ठरवाव्यात आणि त्यात स्वच्छ तुलनेची जागा असावी, पत्रक दोन्ही भाषांत असावे आणि त्याची प्रत तिथल्या तिथे मिळावी, प्रत्येक नमुन्याचे शेतातच दोन भाग करून एक मोहोरबंद भाग शेतकऱ्याकडे किंवा पंचायतीकडे राहावा, अहवालासोबत पद्धत, शोधमर्यादा, कोऱ्या आणि जोड नमुन्यांचे निकाल द्यावेत. रब्बीचा मसूर-हरभरा निघाल्यापासून मृगाच्या पावसापर्यंत शेते रिकामी असतात. मातीचे नमुने तेव्हा घ्यावेत, आणि भाताचे दाणे कापणीला, त्याच खुणांवर. पंचायतीकडे ठेवायच्या भागासाठी काचेच्या बरण्या, कोरडे कपाट आणि एक नोंदवही लागते; सर्व्हे नंबर, हिस्सा, खोली, तारीख आणि दोन सह्या, एवढे रकाने त्या वहीत आजच आखून ठेवता येतील.